रिझर्व्हेशन : एका शब्दाची उलटतपासणी

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गावर इंग्रजीचा तास चालू होता. पाठात रेल्वेने प्रवासाला निघालेल्या एका कुटुंबाची हकीकत होती. तीत ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द आला. मी तो फळ्यावर लिहिला आणि नेहमीच्या सवयीने विचारले, “याचा अर्थ कोण सांगेल?” मागच्या बाकावरचा एक मुलगा खिदळत म्हणाला, “सर, त्यो शब्द आमचा न्हवं, ह्याचा हाय!” आणि त्याने शेजारच्या मुलाकडे बोट केले. सगळा वर्ग हसला. ज्याच्याकडे बोट केले होते तो वहीत मान घालून बसला. त्याचे कान लाल झालेले मला टेबलापासून दिसत होते. त्याच्या घरच्यांनी वर्षभरापूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे, हे मला ठाऊक होते.

मी काय केले? हसणाऱ्याला गप्प बसवले, “रिझर्व्हेशन म्हणजे जागा आगाऊ राखून ठेवणे” एवढा अर्थ सांगितला आणि पुढच्या ओळीकडे वळलो. शिक्षकाने अशा वेळी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, कारण माझेही कान लाल झाले होते. माझे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होते, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मी कॉलेजात असताना ऑफिसातील कारकून खिडकीतून ओरडत असे, “सवलतवाले त्या रांगेत!” आम्ही पाचसात मुले मुकाट्याने त्या रांगेत जाऊन उभे राहत असू. पुढे कित्येक वर्षे कुणी माझे गुण विचारले, की आकडा सांगण्याआधी माझ्या मनात खुलासा तयार असे. मागितलेला नसताना द्यायचा खुलासा! त्या दिवशी घरी जाताना वाटले, की हा शब्द आपण आजवर नुसता ऐकत आणि सोसत आलो. त्याला कधी समोर उभा करून ‘तू कोण, कुठला?’ असे विचारलेच नाही.

धम्मबांधवांनो, नव्याने धम्मात आलेल्या आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर हा शब्द रोज पडतो. शाळेत पडतो, मैदानावर पडतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पडतो. त्याला काय उत्तर द्यायचे हे मुलांना ठाऊक नसते, आणि पुष्कळदा आपल्यालाही नसते. म्हणून आज या शब्दाची उलटतपासणी करू.

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. ‘सेर्वारे’ म्हणजे राखणे, जपणे, लक्ष ठेवणे. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागला, की मागे राखून ठेवणे असा अर्थ होतो. ‘प्रिझर्व्ह’, ‘कन्झर्व्ह’, ‘ऑब्झर्व्ह’ ही सारी त्याच घरातली भावंडे. ‘सर्व्हंट’, म्हणजे नोकर, हा शब्द त्यांच्यासारखाच दिसतो, पण तो ‘सेर्वुस’ म्हणजे गुलाम या शब्दापासून आला. दोन्हींचे कूळ वेगळे, असे अनेक कोशकार मानतात. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हे शब्दांच्या बाबतीतही खरे आहे.

आपल्या मराठीतला ‘राखीव’ हा शब्द इतका जवळचा आहे, की त्यासाठी कोश उघडावा लागत नाही. शेताची राखण, राखणदार, राखून ठेवलेले बी-बियाणे. माझी आई दुपारच्या पाळीहून रात्री उशिरा येणाऱ्या वडिलांची भाकरी दुरडीत फडक्याखाली राखून ठेवी. त्या भाकरीला आमच्या घरात कुणी कधी दान म्हटले नाही. ती वडिलांच्या वाट्याची होती. जेवणाच्या वेळी ते पंक्तीला हजर नव्हते, एवढ्याने त्यांचा वाटा बुडत नव्हता.

आता या इंग्रजी शब्दाचा जुना इतिहास पाहा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या अर्थांपैकी एक अर्थ नोकरीच्याच जागेचा आहे! ख्रिस्ती धर्मपीठात एखाद्या उत्पन्नाच्या पदाची जागा रिकामी झाली, की तेथे माणूस नेमण्याचा अधिकार रोमचे पोप स्वतःकडे राखून ठेवीत. त्याला ‘रिझर्व्हेशन’ म्हणत. म्हणजे शब्द जन्मला तेव्हा तो दुबळ्याच्या वाट्याला आलेला नव्हता. तो जगातल्या एका अत्यंत बलवान गादीचा शब्द होता. कायद्याच्या भाषेतही तसेच. जमीन विकणारा मालक खरेदीखतात एखादी पायवाट किंवा विहिरीचे पाणी स्वतःसाठी राखून ठेवतो, ते रिझर्व्हेशन. इंग्रज सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगले ‘राखीव’ केली, ती सरकारसाठी. त्या जंगलांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांचे गवताचे आणि लाकडाचे हक्क त्यामुळे आखडले. इंग्रजी अमलात रेल्वेचे काही डबे गोऱ्या प्रवाशांसाठी राखीव असत. या कुठल्याही रिझर्व्हेशनची कुणाला लाज वाटल्याचे माझ्या वाचनात नाही. पोपला कुणी ‘सवलतवाला’ म्हटले नाही आणि गोऱ्या साहेबाला त्याची गुणवत्ता कुणी विचारली नाही.

या शब्दाला आणखी एक बाजू आहे, आणि तीही मुलांना सांगितली पाहिजे. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांची अफाट जमीन करारांनी आणि जुलमाने घेतली गेली, आणि जो तुकडा उरला त्याला ‘रिझर्व्हेशन’ म्हणू लागले. १८५१ च्या कायद्यानंतर या जमातींना त्या तुकड्यांवर नेऊन ठेवण्याचे धोरण पक्के झाले. कागदावर ती त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीन होती. प्रत्यक्षात त्यांना तेथे कोंडून ठेवले होते. एकच शब्द ‘तुझ्यासाठी राखले’ असेही म्हणतो आणि ‘तुला इथेच राखले’ असेही म्हणतो.

हे वाचताना मला अमेरिका दिसेना. दिसला तो गावकुसाबाहेरचा महारवाडा. आमच्यासाठीही या देशात जागा राखीव होत्याच की! वस्तीची जागा राखीव, पाणवठा राखीव, मसणवटा राखीव. मेलेले जनावर ओढण्याचे काम राखीव, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळण्याचे काम राखीव. ही कामे दुसऱ्या कुणी मागितली नाहीत आणि आम्हांला सोडू दिली नाहीत. गावचा जोसपणा, कुलकर्णीपण, देवळाचा गाभारा, पाठशाळेचा ओटा यांवरही कुणाची तरी नावे होती. तिथे पन्नास टक्के, तेरा टक्के असा हिशेब नव्हता. शंभरातले शंभर राखीव होते. तेव्हा या देशात आरक्षण कधी आले, असा प्रश्न कुणी केला, तर ‘१९५० साली’ असे उत्तर देऊ नये. १९५० साली ते राज्यघटनेत लिहिले गेले, आणि दुसऱ्या दिशेने लिहिले गेले.

एस.टी.च्या स्टँडवर गाडी लागते तेव्हा काय होते, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. गाडी थांबायच्या आत धट्टेकट्टे गडी खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, एखादा तर पोरालाच आत सोडतो. मग दारातून सावकाश चढलेल्या म्हातारीला ऐकावे लागते, “मावशी, जागा धरलीय!” कुणी धरली, कोणत्या नियमाने धरली, हे विचारायची सोय नसते. सीटवर रुमाल पडला, की तो नियम. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक सीटवर कुणाचा ना कुणाचा रुमाल पडलेला होता. आणि मग कंडक्टरने येऊन चार सीटवर ‘राखीव’ असे लिहिले, तेव्हा रुमालवाले म्हणाले, “हा अन्याय आहे, जागा सर्वांना मोकळ्या असाव्यात!”

हा प्रश्न नवा नाही. तथागतांच्या संघातही तो उठला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्याची कथा आहे. भगवान बुद्ध भिक्षूंसह श्रावस्तीकडे निघाले होते. षड्‌वर्गीय म्हणून ओळखले जाणारे जे सहा भिक्षू होते, त्यांचे शिष्य सर्वांच्या पुढे धावत गेले आणि मुक्कामाच्या विहारातील खोल्या व बिछाने अडवून बसले. ही आमच्या उपाध्यायांची जागा, ही आचार्यांची, ही आमची! रुमाल टाकण्याचाच प्रकार. सारिपुत्त मागून आले. बुद्धांच्या शिष्यांत अग्रगण्य असा हा थोर पुरुष, पण त्यांना रात्री निजायला जागा मिळाली नाही. ते एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे बुद्ध उठले, खाकरले, तेव्हा झाडाखालूनही कुणी खाकरले. “कोण आहे?” असे त्यांनी विचारले, आणि सारा प्रकार कळला.

मग बुद्धांनी भिक्षूंना एकत्र करून विचारले, की सर्वांत चांगले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा कुणाला मिळावी? उत्तरे काय आली पाहा. कुणी म्हणाला, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याला. कुणी म्हणाला, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. कुणी आणखी काही. घरदार सोडून आलेले, मुंडण केलेले भिक्षू, आणि तोंडातून जातच बाहेर पडली! बुद्धांनी त्यांतले एकही उत्तर मान्य केले नाही. संघात जो आधी आला तो वडील, त्याला मान आधी, असा नियम त्यांनी घातला. आणि संघाच्या मालकीची जागा कुणी पुढे पळून स्वतःच्या माणसांसाठी अडवू नये, असेही सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे या कथेतील खरी गोष्ट ही आहे, की बुद्धांनी ‘जागा मोकळ्या आहेत, ज्याने त्याने पळून धराव्यात’ असे म्हटले नाही. पळापळ म्हणजे समता नव्हे, हे त्यांना कळत होते. पळणाऱ्यांतही कुणाचे पाय मोकळे असतात आणि कुणाच्या पायात बेडी असते.

आता आपल्या कोल्हापुराकडे येऊ. ‘राखून ठेवणे’ हे क्रियापद नोकरीच्या संदर्भात, दुबळ्यांच्या बाजूने, सरकारी कागदावर आले ते या शहरात. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये राजर्षी शाहू महाराजांचा हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असा तो हुकूम. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व, अशी व्याख्याही त्यात होती. आणि ज्या खात्यात अशा लोकांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, असे बजावले होते.

हुकुमातील टक्का सर्वांना पाठ असतो. त्यातला विचार फारसा कुणी सांगत नाही. संस्थानात सर्व वर्गांना शिक्षण देण्याचा प्रयत्न केला, पण मागासलेल्यांच्या बाबतीत यश आले नाही, असे महाराज आरंभी खेदाने नमूद करतात. मग त्याचे कारण देतात. ही मुले मंदबुद्धीची आहेत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असे ते म्हणत नाहीत. उच्च शिक्षणाची फळे पुरेशी सर्वत्र वाटली जात नाहीत, हे कारण ते देतात. किती सरळ गोष्ट! ज्या झाडाचे फळ आपल्या अंगणात कधी पडणारच नाही, त्याला पाणी कोण घालील? १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते. तेव्हा त्या ६० जागांना कुणी राखीव म्हटले नव्हते. मुलगा शिकून काय करणार, हा महारवाड्यातल्या बापाचा प्रश्न आळसातून आलेला नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता. महाराजांनी तो हिशेब बदलला.

महाराजांची घोड्यांची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. सांगलीच्या एका वकिलांनी जातवार सवलतींवर शंका काढली, तेव्हा महाराजांनी घोड्यांच्या तोंडचे तोबरे काढून चंदी एकत्र ओतायला लावली. दांडगे घोडे पुढे घुसले, अशक्त आणि शिंगरे मागेच राहिली, अशी ती गोष्ट. गोष्ट मार्मिक आहे, पण एक शिक्षक म्हणून मला ती अलीकडे अपुरी वाटते. ऐकणारे मूल स्वतःला अशक्त घोडा समजते. आपण अशक्त नव्हतो. ज्यांनी गावची हद्द राखली, पहारा केला, पलटणीत नाव काढले, ती माणसे अशक्त कशी? आपल्याला दावणीलाच दूर बांधले होते. मुलांना गोष्ट सांगा, पण हे वाक्य पुढे जोडा.

१९१८ साली महाराजांनी संस्थानातील महार वतने बंद केली, म्हणजे कोंडून ठेवणारे जुने रिझर्व्हेशन मोडले. ही दोन कामे मी नेहमी एकत्र पाहतो. एका हाताने नवे दार उघडले आणि दुसऱ्या हाताने जुनी बेडी काढली. यांतले एकच केले असते तर पुरले नसते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवून तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला असे सांगितले, आणि पुढची लढाई बाबासाहेबांच्या खांद्यावर आली.

बाबासाहेबांना या शब्दाचा गोड आणि कडू असा दोन्ही अनुभव होता. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. जागा राखीव झाली, आणि ती भरणारा हात मात्र बहुसंख्याकांचा राहिला. भाकरी आमच्या नावाने फडक्याखाली, आणि दुरडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! राखीव हा शब्द ऐकला, की राखणारा कोण, हे आधी विचारावे, हा धडा आपण तिथे शिकलो. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा आठ आणि एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या.

घटना समितीत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी केलेले भाषण घरोघर वाचले जावे असे मला वाटते. सर्वांना समान संधी हे तत्त्व त्यांनी मान्य केले, आणि त्याच वेळी सांगितले, की इतिहासाच्या ओघात राज्यकारभार काही थोड्या समाजांच्या हाती राहिला आहे आणि इतरांना त्यात शिरकाव मिळाला पाहिजे. राखीव जागा निम्म्याहून कमीच असाव्यात, नाहीतर समान संधीचे तत्त्वच गिळले जाईल, असेही त्यांनीच बजावले. आपल्या लोकांच्या बाजूने बोलताना स्वतःच मर्यादा घालणारा असा पुढारी क्वचित सापडतो. आज जो राज्यघटनेचा अनुच्छेद १६ चा चौथा खंड आहे त्यात ज्यांना शासनाच्या सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही असा मागासवर्ग, असे शब्द आहेत. गरीब हा शब्द तेथे नाही, दुबळा नाही, दया नाही. तेथे प्रतिनिधित्व आहे. राज्य सर्वांचे, म्हणून खुर्च्याही सर्वांच्या.

आणि दहा वर्षांची गोष्ट. ‘आंबेडकरांनी दहाच वर्षे दिली होती’ असे सुशिक्षित माणसेसुद्धा ठासून सांगतात. ती दहा वर्षांची मुदत अनुच्छेद ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांतील जागांपुरती होती. संसदेने ती वेळोवेळी वाढवली आणि २०१९ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी २०३० पर्यंत नेली. नोकरी आणि शिक्षणातील राखीव जागांना राज्यघटनेत अशी मुदत कधीच नव्हती. पुढच्या वेळी कुणी म्हटले, तर अनुच्छेदाचा आकडा सांगावा. आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

‘सवलत’ हा शब्द मात्र आपण आपल्या बोलण्यातून काढून टाकावा, असे माझे मत आहे. तो अरबीतून आला. त्याचा अर्थ सोपेपणा, सुलभता. सवलत दुकानदार देतो, दिवाळीला. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे असतात. राखलेल्या वाट्याचे तसे नाही. कॉलेजातल्या त्या कारकुनाने आम्हांला ‘सवलतवाले’ म्हटले, तेव्हा आमच्यापैकी एकानेही शब्द दुरुस्त केला नाही, कारण आमच्याही घरात तोच शब्द चालू होता.

येथवरचा भाग सोपा होता. अवघड प्रश्न आपल्या घरातला आहे. “तुम्ही बौद्ध झालात, जात सोडलीत, मग जातीचा दाखला का सोडत नाही?” हा प्रश्न नवदीक्षित कुटुंबाला हमखास विचारला जातो, आणि तो निव्वळ कुत्सित नाही; त्यात विचार करण्याजोगे काही आहे.

आधी इतिहास पाहू. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला. १९५६ साली त्यात सर्व शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले आणि केंद्राच्या कागदावर त्यांचा तो दर्जा संपला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्यापुरते नवबौद्धांना हे हक्क दिले, पण केंद्राचे दार १९९० पर्यंत बंद राहिले. त्या वर्षी कायदा दुरुस्त होऊन ‘हिंदू, शीख’ यांच्यापुढे ‘बौद्ध’ हा शब्द आला. म्हणजे चौतीस वर्षे! अनुसूचित जातीच्या कुटुंबाने आज धम्म स्वीकारला, तर त्याचा तो हक्क जात नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण केवळ या भीतीने काठावर थांबलेली कुटुंबे मला भेटली आहेत.

त्या चौतीस वर्षांत काय घडले, हे आपले वडीलधारे चारचौघांत बोलत नाहीत. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि रेल्वेच्या किंवा पोस्टाच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’. पंचशील म्हणायचे, आणि त्यातले चौथे शील, खोटे न बोलण्याचे, अर्ज भरताना गिळायचे. कुणी ‘बौद्ध’ असे स्वच्छ लिहिले आणि नोकरी घालवली. दोन्ही प्रकारची माणसे माझ्या नात्यात आहेत. मी लहानपणी पहिल्यांना भित्रे समजत असे. आता समजत नाही. पोराबाळांच्या पोटासाठी ज्याने तो रकाना भरला, त्याला खोटे बोलायला लावणारा कायदा होता; दोषाचा मोठा हिस्सा त्या कायद्याचा. पण दोष काहीच नव्हता असेही मला म्हणवत नाही, कारण रकान्यात लिहिलेला शब्द काही घरांत हळूहळू देव्हाऱ्यापर्यंत येऊन पोचला.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. समजा, कुणी माझ्या आज्याची जमीन लाटली. मी आज नाव बदलले, गाव बदलले, त्या जुन्या घराण्याशी संबंध तोडला, म्हणून जमिनीवरचा माझा दावा बुडतो काय? जात मी माझ्या मनातून काढली. समोरच्याने माझ्याकडे पाहण्याच्या आपल्या नजरेतून काढली आहे काय? भाड्याने खोली पाहायला गेलो, की घरमालक आजही आडनाव विचारतो. तो जोवर विचारतो आहे तोवर दाखल्यावरचा तो जुना शब्द ही माझी ओळख नव्हे. ते माझ्या नुकसानीचे पंचनाम्याचे कागद आहेत. पंचनामा कुणी देव्हाऱ्यात लावत नाही, आणि दावा निकाली निघण्याआधी फाडूनही टाकत नाही.

इंग्रजीत रिझर्व्हेशनचा आणखी एक अर्थ आहे. होकार द्यायचा, पण मनात काही मागे ठेवायचे. आपण त्याला ‘हातचे राखून’ म्हणतो. हे रिझर्व्हेशन मात्र आपल्याला कुणी दिलेले नाही. ते आपले आपण घेतले आहे. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, आणि कपाटात मागच्या फळीवर जुना टाक गुंडाळून ठेवला, ‘असू दे, कुणास ठाऊक’ म्हणून. लग्न धम्मविधीने लावले आणि मुहूर्त पंचांगातून काढला. मुलीसाठी स्थळ पाहताना आपल्यातलेच पोटभेद चाचपले. नोकरी लागून शहरात बंगला बांधणाऱ्या आपल्या काही बांधवांनी तर दारावरचे आडनावच बदलले, आणि वस्तीतल्या भावाच्या मुलाला अर्ज भरून द्यायला त्यांना वेळ नाही. त्यांच्या वाट्याची भाकरी त्यांच्यासाठी कुणीतरी राखून ठेवली होती. ती खाल्ल्यावर मागून येणाऱ्यासाठी दुरडी झाकून ठेवायची असते, हे आमच्या अडाणी आईला कळत होते. षड्‌वर्गीयांचे शिष्य बाहेरून आलेले नव्हते. ते संघातलेच होते, हेही त्या कथेत आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी तो धडा पुन्हा घेतला. फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि अख्खा तास त्यालाच दिला. पोप सांगितले, जंगल सांगितले, गोऱ्यांचे डबे सांगितले, एस.टी.चा रुमाल सांगितला. रुमालाला वर्ग खळखळून हसला. मग २६ जुलै १९०२ ही तारीख लिहून, हे गॅझेट कोणत्या शहरातून निघाले, असे विचारले. तेव्हा पहिला हात वर झाला तो वहीत मान घालून बसलेल्या मुलाचा.

मधल्या सुट्टीत तो खिदळणारा पोरगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. बराच वेळ पायाने फरशी उकरत होता. मग म्हणाला, “सर, आमचा थोरला भाऊबी आरक्षणाच्या मोर्चाला गेलता. मग त्यो शब्द आमचाबी हाय व्हय?”

मी त्याला आत बोलावले, कोश हातात दिला आणि म्हटले, “आधी मूळ शब्द काढ. ‘आर’ मध्ये पाहा.” घंटा होईपर्यंत तो पाने उलटत होता. जाताना बोलला, “सर, ह्यात लई अर्थ हाईत. उद्या परत येऊ का?”